म्पिकाला फक्त एक रात्र

चिपाटा,
८ मार्च १९८७

माकडखाऊ बोनिफास यास,

तू जिवंत आहेस असं धरून लिहितोय. मेला असतास तर मला कळलंच असतं. तुमच्या बेम्बा जमातीतल्या माणसाला पुरताना खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला शिव्या घालायला आमच्या जमातीतला एक तरी न्गोनी लागतोच, आणि तुझ्या बाबतीत तो मान माझा आहे. आपल्या आजोबांनी एकमेकांची डोकी फोडायचं थांबवलं तेव्हाच ठरलं, की यापुढे फक्त तोंडं चालवायची आणि रागवायचं कुणीच नाही. चिंबुयाचं नातं म्हणतात ते हेच. तू काही अजून मेला नाहीस, म्हणून जिवंतपणीच येतो.

शाळेतून डिसेंबरात निवृत्त झालो. तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, आता सकाळी उठून कोंबड्यांची घेतो. तिसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "कुठंतरी जाऊन या हो." मी म्हटलं, "सायकलवरून उत्तरेच्या मोठ्या तळ्याला जातो, पार म्पुलुंगूपर्यंत." ती म्हणाली, "जा." मला वाटलं होतं अडवेल.

आठवतंय ना? साल पंचावन्न, लुआन्श्याची खाण, एका खोलीत आपण दोघं. दोघांत मिळून एक सायकल घेतली. पुढचं चाक तुझं, मागचं माझं. दहा दिवसांची रजा काढून तळ्याला निघालो. पैज होती, जो तळ्याच्या पाण्याला आधी शिवेल तो मालक, दुसरा जन्मभराचा गुलाम. म्हणजे बेम्बा मोठे की न्गोनी, हा वाद कायमचा निकालात. आणि पहिल्याच मुक्कामी, कपिरीला, तुला कुणाच्या तरी लग्नात कटुबीचा घडा दिसला. नाचणीची ती गरमागरम दारू बोरूच्या नळीने ओढत बसलो ते चौथ्या दिवशी उठलो, तळं राहिलं ते राहिलंच. त्या मुक्कामात तुला बायको मिळाली. मला डोकेदुखी.

सायकल अजून माझ्याकडे आहे. १ जूनला निघतो. कागदावर रेघा मारून वेळापत्रक केलंय. २८ जूनला, रविवारी दुपारी चारला तुझ्या म्पिकात. मुक्काम फक्त एक रात्र. पुन्हा सांगतो, एक. २९ ला पहाटे तूही तुझी सायकल काढायची आणि दोघांनी मिळून तळं गाठायचं. मुक्कामाला काय काय सोय आहे ते सविस्तर कळव.

तुझा जन्मभराचा मालक,
लेमेक जेरे


म्पिका,
२९ मार्च

उंदीरखाऊ लेमेक,

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखंच आहे. वाचताना दोनदा उभं राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणावंसं वाटलं.

म्पिकाची सोय विचारतोस. म्पिकात एक तिठा आहे. एक रस्ता कसामाला जातो, एक टांझानियाला आणि एक तू येशील तो. लोक येतात, "कसामाचा रस्ता कुठला?" विचारतात आणि जातात. तिठ्यावरच्या आंब्याखाली माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे ते मलाच विचारतात. वीस वर्षांत "म्पिकात बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एकदा एका गोऱ्याने आंब्याचा फोटो काढला होता, पण नंतर कळलं की तो आपला कॅमेरा चालतो का ते बघत होता.

तेव्हा तू एक रात्रसुद्धा कशाला वाया घालवतोस? त्या दिवशी जरा लवकर नीघ आणि म्पिका मागे टाकून पुढच्या मिशनात जाऊन झोप. फादर चांगले आहेत, उशा देतात. आमच्याकडे पाणी नाही, साबण नाही, महिनाभर तेल नाही. बाना चोलाची, म्हणजे चोलाच्या आईची, कंबर धरलीय. कोंबडा चावतो. आणि या वर्षी वाटेत सिंह फार झालेत म्हणतात.

वेळापत्रक छान आहे. त्यात सिंहासाठी पण एक रकाना आख.

तुझा धनी,
बोनिफास कसोंडे


चिपाटा,
१६ एप्रिल

बोनिफास, कंजुसांच्या राजा,

नाचता येईना अंगण वाकडं! पाणी नाही, तेल नाही, कोंबडा चावतो! सरळ लिही ना, की एक बोकड कापावा लागेल म्हणून छातीत धडधडतंय. तुमची जमात लढाईत पळाली होती हे आजोबा सांगायचे. यजमानपणातूनही पळते हे नवीन कळलं.

साबण मी आणतो. चार वड्या. शेंगदाणेही आणतो, इथले, पोतंभर नव्हे पण पिशवीभर. आणि बाना चोलासाठी वाळवलेल्या उंदरांची एक माळ, म्हणजे आयुष्यात एकदा तरी तिच्या तोंडाला माणसाचं जेवण लागेल.

माझी तयारी जोरात आहे. रोज पहाटे वीस किलोमीटर मारतो. मागच्या आठवड्यात गावाबाहेरच्या चढावर एका म्हातारीने डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन मला चालत मागं टाकलं. वर थांबून म्हणाली, "बाबा, ढकलू का?" मी म्हटलं, "आजी, मी तळ्याला चाललोय." ती म्हणाली, "मग आज तरी पोचणार नाही."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पत्रभर तू म्पिकाची निंदानालस्ती केलीस, पण माझ्याबरोबर सायकल काढणार की नाही याबद्दल एक अक्षर नाही. मी मास्तर होतो. सोडून दिलेला प्रश्न मला आधी दिसतो. तेव्हा खालील प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिही: येणार की नाही?

लेमेक


म्पिका,
५ मे

लेमेक मास्तर,

एका वाक्यात उत्तर मागितलंस. मी चार कागद फाडले, हा पाचवा.

पहिल्या कागदावर लिहिलं होतं की माझ्या सायकलची चेन तुटलीय. पण मीच दुरुस्तीवाला, ते तुला पटलं नसतं. दुसऱ्यावर लिहिलं की आमच्या पोरीचं, चोलाचं, लग्न आहे. पण तिला आता तीन पोरं आहेत आणि थोरल्याचं नाव तुझ्या भीतीने आम्ही लेमेक ठेवलेलं नाही. तिसऱ्यावर सरकारने बेम्बांना सायकल चालवायला बंदी केलीय असं होतं. चौथं आठवत नाही, पण त्यात पुन्हा सिंह होते.

तर हे घे, एका वाक्यात. माझा डावा पाय नाही, साखरेच्या आजाराने काळा पडला म्हणून नोव्हेंबरात मिशनच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापला, आणि आता सायकल भिंतीला टेकवलेली आहे, आणि मीही.

झालं. आता हस.

बोनिफास


चिपाटा,
२० मे

अरे ढोंग्या,

तीन दिवस हसतोय. बायकोने विचारलं काय झालं, तिला वाचून दाखवलं, तीही हसली. बोकड वाचवायला लोक ताप आणतात, पोट दुखवतात. पण पाय? शाब्बास! खाणीत दांडी मारायला तू तुझी एकच आजी चार वेळा मारली होतीस. मुकादमाने शेवटी विचारलं होतं, "कसोंडे, ही आजी पुरल्यावर परत उगवते का?" आता आज्या संपल्या, म्हणून पायावर आलास होय!

बरं, पाय नाही तर नाही. येताना तुझ्यासाठी बूट घेऊन येतो. एकच, म्हणजे अर्ध्या किमतीत होईल. आणि एका पायाच्या माणसाला बोकडाची एकच तंगडी पुरे. उरलेल्या तीन माझ्या, आधीच सांगून ठेवतो. एका पायाने पॅडल मारलंस तर सायकल गोल गोल फिरेल आणि म्पिकाच्या तिठ्यावर अखेर बघण्यासारखं काहीतरी होईल, तिकीट लाव.

१ तारखेला निघतो. यापुढचं पत्र लुसाकाला भाचीच्या पत्त्यावर टाक, खाली दिलाय. ११ तारखेला तिथे पोचेन.

तळ्याकाठी भेटू, लंगड्या,
लेमेक


म्पिका,
१ जून

बा जेरे यांना बाना चोलाचा नमस्कार.

तुमचं शेवटचं पत्र परवा आलं. ह्यांनी ते आंब्याखाली बसून वाचलं. मी भाजी निवडत होते. आधी खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, कारण ते मी अधूनमधून बघते. जवळ गेले तर हसत होते. "उरलेल्या तीन माझ्या" म्हणत मांडीवर थापा मारत होते. तीनदा वाचलं. मग माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. नोव्हेंबरपासून आमच्या घरात असं हसू नव्हतं.

बा जेरे, त्यांनी लिहिलं ते खरं आहे. पाय खरंच नाही.

तुमच्या जातीचं माणूस आमचं खरं बोलणंसुद्धा थट्टाच समजणार, यात तुमचा दोष नाही. आम्हीच तुम्हाला तीस वर्षं तशी सवय लावली. पण तुम्ही दारात येऊन एकदम बघाल आणि तुमचा चेहरा पडेल, तर ते त्यांच्या लक्षात येईल, आणि मला त्याचीच भीती आहे. सगळा गाव त्यांच्याशी फार चांगला वागतो हो. पंक्चरच्या पैशात कुणी घासाघीस करत नाही. बाटल्यांच्या बुचांच्या सोंगट्यांचा डाव रोज संध्याकाळी होतो, तर सगळे त्यांना जिंकू देतात. एकेचाळीस डाव लागोपाठ जिंकले. बेचाळिसाव्याला पट उचलून कोंबड्यावर फेकला. (कोंबडा खरंच चावतो.)

म्हणून आधीच सांगते, म्हणजे तुम्ही मनाची तयारी करून याल. त्यांना मात्र मी लिहिलंय हे कळू देऊ नका. आणि या. नक्की या.

शनिवारी मी त्यांचे चर्चचे काळे बूट पॉलिश करते. दोन्ही. डावा का करते ते विचारू नका. टाकवत नाही.

बाना चोला


लुसाका,
१२ जून

श्रीयुत बोनिफास कसोंडे यांना,
सादर नमस्कार.

आपली प्रकृती कळली. कशी कळली ते सांगत नाही. माझ्या हातून जे अमानुष पत्र लिहिलं गेलं त्याबद्दल मी आपली हात जोडून क्षमा मागतो. काल रात्रभर मला झोप नाही. आपण इतक्या मोठ्या संकटात असताना मी बूट, तंगडी आणि तिकीट असे शब्द वापरले, हे आठवलं की सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटतं.

आपणास माझ्या मुक्कामाचा त्रास होऊ नये अशी माझी इच्छा आहे. त्यामुळे मी म्पिकात मिशनच्या विश्रामगृहात उतरेन, आपली परवानगी असल्यास दहा मिनिटं आपल्या दर्शनास येईन, आणि तिथूनच बसने चिपाटाला परत जाईन. तळ्याचा बेत मी रद्द केला आहे. आपल्याला सोडून एकट्याने तिकडे जाणं मला शोभणार नाही.

देव आपणास धीर देवो. आपल्या पत्नीस नमस्कार. कोंबड्यासही.

आपला नम्र,
लेमेक जेरे

ता. क. उत्तर द्यायची तसदी घेऊ नये. द्यायचंच झाल्यास, २२ तारखेस सेरेंजेच्या मिशनात असेन.


म्पिका,
१८ जून

(सेरेंजेला जाणाऱ्या मक्याच्या ट्रकवाल्याच्या हाती. बाबा रे, हे पाकीट त्या म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या हातातच दे. खाकी हाफपँट असेल, गुडघे उंटासारखे, आणि वेळापत्रक बघत असेल.)

हा लेमेक जेरे कोण आहे?

मला एका लेमेक जेरेने मे महिन्यात पत्र लिहिलं होतं. तो माझा चिंबुया. उद्धट, खोटारडा, उंदीरखाऊ, आणि तीस वर्षांत मला एकदाही "आपण" म्हणालेला नाही. हा जूनमधला कुणी दुसराच दिसतो. हा "दर्शनास" येतो म्हणतो. मी काय मेलेला बिशप आहे?

नीट ऐक. गेले सात महिने मी या गावात देव झालोय. मी खोकलो की चार बायका पाणी आणतात. चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवतात, पूर्वी मी मागच्या बाकावर बसून झोपायचो, ते सुख गेलं. दुकानात रांग मोडून मला आधी घेतात आणि मग मला द्यायला काही नसतं तरी सगळे माझ्याकडे बघून हसतात. त्या हसण्याने माझा दुसरा पाय गळून पडेल असं वाटतं. माझ्याशी कुणी भांडत नाही, लेमेक. बायकोसुद्धा नाही. ती शनिवारी माझ्या दोन्ही बुटांना पॉलिश करते आणि मला ते दिसत नाही असं समजते.

मी मे महिन्यात तुला खरं लिहिलं आणि तू हसलास. त्या दिवशी मला वाटलं, चला, जगात एक तरी माणूस आहे ज्याला मी अजून पूर्ण वाटतो. तू खोटं समजून हसलास हे मला माहीत होतं. तरी चाललं. मी म्हटलं, येऊन बघेल तेव्हाही हसेल, कारण न्गोनी आहे, लाज नावाची वस्तू त्यांच्याकडे पिकत नाही. आणि आता तूही हात जोडून उभा! बाहेरच्यांनी कीव केली ते सोसलं. पण खुद्द चिंबुयानेच कीव केली, तर मग मी गेलोच म्हणायचा. खड्डा खणायलाच ये.

तेव्हा दोनच रस्ते. जूनमधला जेरे असशील तर माझ्या दारात येऊ नकोस. तिठ्यावरून डावीकडे बस मिळते, कुणालाही विचार, मला सोडून. आणि मे मधला असशील तर रविवारी चारला ये. उशीर झाला तर बोकड मी एकटा खाईन. चारही तंगड्या.

बोनिफास

(बा जेरे, मी बाना चोला. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. कळू देऊ नका म्हटलं होतं ना तुम्हाला? इतके मोठे मास्तर होऊन एवढं जमलं नाही? आता यायचंच. बोकड बांधलाय.)


म्पिका,
२ जुलै

चोर लेमेक जेरे, मुक्काम म्पुलुंगू, मिशनच्या पत्त्यावर,

सोमवारी पहाटे तू न सांगता पळालास, तेही बसने घरी नव्हे, सायकलवर कसामाच्या रस्त्याने, म्हणजे तळ्यालाच. मंगळवारपासून मी घरातल्या वस्तू तपासतोय. आता तुझ्यावरचे आरोप सांगतो, शांतपणे ऐक.

रविवारी तू चारला येणार होतास, साडेचारला आलास. त्यातली वीस मिनिटं तू रस्त्यापलीकडे सायकल धरून नुसता उभा होतास, हे मी आंब्याखालून बघितलंय. तोंड एवढंसं झालं होतं. मी मनात म्हटलं, गेलं, हा जूनमधलाच निघाला. मग तू रस्ता ओलांडून आलास. चर्च सुटलेलं, अर्धा गाव तिठ्यावर. तू माझ्यापुढे उभा राहिलास, माझ्या दुमडलेल्या पँटीकडे बघितलंस, आणि तू गावाला ऐकू जाईल असा ओरडलास, "काय रे, जंगलातली माकडं संपली, तर स्वतःचीच तंगडी खाल्लीस?"

फादरनी छातीवर क्रूस काढला. एका बाईच्या हातून अंडी पडली. आणि मी, मी काय बोललो ते तुला माहीत आहे, पण लिहून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यात एवढं चांगलं मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी थोडी ठेवली होती रे, पण उंदरांनी पळवली. आता तू ते उंदीर खाशील तेव्हा पोचेल तुझ्यापर्यंत."

त्यानंतर स्टुलावरून मी पडलो. ढकललं कुणी नाही, हसून पडलो. तू उचललं नाहीस. उलट शेजारी मातीत बसलास आणि तूही भोकाड पसरलंस. ते हसणं होतं की रडणं ते मी विचारणार नाही. माझंही विचारू नकोस.

पुढचे आरोप. बुचांच्या डावात तू मला सात वेळा हरवलंस. त्यातल्या तीन डावांत माझी बुचं गिळल्यासारखी गायब झाली आणि नंतर तुझ्या मोज्यात सापडली. सात वेळा! बाना चोलाला मी रात्री उठवून सांगितलं, "मी हरलो." तिला वाटलं मला ताप आलाय. तिच्यासाठी तू आणलेली उंदरांची माळ तिने मांजराला घातली. मांजर तेव्हापासून घरी आलेलं नाही.

बोकडाच्या तीन तंगड्या खाल्ल्यास त्या खाल्ल्यास, त्याबद्दल तक्रार नाही, आधी सांगितलं होतंस.

पण खरा गुन्हा आता सांगतो. "येताना बूट आणतो" म्हणालास. आणलास का? नाही. उलट घेऊन गेलास! माझा चर्चचा डावा बूट पलंगाखालून गायब आहे. बाना चोला काल शनिवारची वाट न बघता पॉलिश काढून बसली आणि एकच बूट पाहून ओरडली. मग जमिनीवर बसली. मी म्हटलं, आता ही रडणार. तर म्हणाली, "निम्मं पॉलिश वाचेल," आणि हसायला लागली. चिंबुयाने घरातली वस्तू उचलली तर मागता येत नाही हे मला माहीत आहे. पण का, ते विचारता येतं. तुला दोन पाय आहेत, दोन बूट आहेत. माझा तिसरा कशाला?

आणि एक. तुझ्या त्या ओरडण्यानंतर गावाचं काहीतरी बिघडलंय. मंगळवारी एका बाईने पंक्चरच्या पैशावरून माझ्याशी पाऊण तास भांडण केलं. मला लुच्चा म्हणाली. वर म्हणाली, "पाय एक आणि पैसे दोन पायांचे?" मी तिला निम्म्यात करून दिलं आणि दिवसभर शीळ घालत होतो.

बूट परत पाठव.

बोनिफास


म्पुलुंगू,
८ जुलै

बोनिफास,

तुझं पत्र काल इथल्या फादरनी दिलं. बूट परत मिळेल, पण आधी त्याची हकिकत ऐक.

म्पिका सोडताना मी तो हँडलला पुढे बांधला, नाडीने, नीट गाठ मारून. कसामापर्यंत तो गप्प होता. कसामात तीन पोलिसांनी अडवून विचारलं, "दुसरा कुठाय?" मी म्हटलं, "दुसरा म्पिकात आहे, त्यात माणूस आहे." त्यांनी मला बराच वेळ सावलीत बसवून पाणी पाजलं. एम्बालाच्या अलीकडच्या चढावर मी उतरून सायकल ढकलत होतो आणि बूट मात्र ऐटीत बसून होता. म्हणजे पंचावन्न सालात आणि आत्ता काहीच फरक नाही. तेव्हाही तू कॅरिअरवर बसायचास आणि मी पॅडल मारायचो.

बोनिफास, त्या रविवारी रस्त्यापलीकडे मी वीस मिनिटं उभा होतो ते खरं आहे. आंब्याखाली तू बसलेला दिसलास आणि माझ्याने पाऊल उचलेना. सेरेंजेपासून मी रोज सायकलवर ती एकच ओळ मनात घोकत होतो, शाळेतल्या पोरासारखी. पण तुला बघितलं आणि ती म्हणावीशीच वाटेना. मला वाटलं, म्हातारा किती दिसतोय हा. मग तू लांबूनच मला बघून आपला कापलेला पाय मागे घेतलास, लपवायला. ते मला सहन झालं नाही. मग ओरडलो. आता हे पुन्हा लिहिणार नाही.

तर, मंगळवारी दुपारी तळं दिसलं. एम्बालाचा घाट उतरताना एकदम समोर येतं. मी ब्रेक दाबायचा विसरलो. गावातून, मासळी वाळत घातलेल्या जाळ्यांमधून, बायकांच्या शिव्या खात सरळ काठावर गेलो, आणि थांबलो ते सायकल पाण्यात घुसल्यावरच.

आणि तेव्हा मला ती पैज आठवली.

मी दोन्ही पायांनी कोरड्या वाळूवर उभा होतो. मागचं चाकही वाळूत होतं. पाण्यात होतं ते फक्त पुढचं चाक. ते चाक तुझं आहे, पंचावन्न सालापासून. त्याच्यावर तुझा बूट लोंबकळत होता, आणि एक लाट आली ती सगळ्यांच्या आधी त्या बुटालाच लागली.

मी बराच वेळ विचार केला. कुठे पळवाट सापडते का बघितलं. एक कोळी जाळं आवरत होता, त्याला साक्षीला बोलावून सगळा हिशेब समजावला. त्याने बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, बूटवाला जिंकला." मी विचारलं, "तू कुठला?" तर बेम्बाच निघाला. पण निकाल बरोबर होता.

परत येताना २० तारखेला म्पिकाला येतो. बूट ओला आहे, वाळूने भरलाय, त्याला मासळीचा वास येतो. बाना चोलाला म्हणावं, पॉलिश करू नको, तसाच ठेव. मुक्काम या वेळी तीन रात्री. कटुबीचा घडा तयार ठेवा.

मालक, आज्ञा असावी.

तुझा गुलाम,
लेमेक